निवद कुणाचा?



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २६ आणि २७ या दोन श्लोकांवर. पहिला श्लोक तर आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ असतो. पान, फूल, फळ, पाणी, जे कुणी मला भक्तीनं देईल ते मी खातो, असं भगवंत म्हणतात. घरोघरी नैवेद्याच्या वेळी हा श्लोक म्हटला जातो, आणि म्हणता म्हणता आपण त्यातलं क्रियापद गिळून टाकतो. 'अश्नामि'. म्हणजे 'मी खातो'. 'स्वीकारतो' किंवा 'पावतो' असे गुळगुळीत शब्द तिथे नाहीत. बरं, फळ खातात हे ठीक, पण फूल कुणी खातं का? पाणी तर पितात. तरी चारही गोष्टींना क्रियापद एकच. कुणी प्रेमानं पुढे केलं की खाण्याजोगं काय आणि न खाण्याजोगं काय हे बघत बसायला देवाला फुरसत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो. ज्ञानेश्वर माउलींनाही या श्लोकापाशी सुदाम्याचे पोहे आठवले आहेत.

लगेच पुढचा श्लोक बघा. तू जे करतोस, जे खातोस, जे हवन करतोस, जे देतोस, जे तप करतोस ते सगळं मला अर्पण कर. म्हणजे २६ मध्ये देव खातो आणि २७ मध्ये आपण खातो. दोन्ही ताटं शेजारी शेजारी मांडली आहेत. देवाचं ताट कसं वाढायचं हे आपल्याला माहीत आहे, निदान घरात आई-आजीला तरी माहीत आहे. आपलं स्वतःचं ताट देवाला कसं अर्पण करायचं, ही खरी गोची आहे.

'देव खरंच खातो का? मग ताटातलं कमी का होत नाही?' हा प्रश्न मी कॉलेजात असताना फार हिरिरीनं विचारायचो. आता त्यात मला तेवढा रस उरलेला नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. देवापुढून ताट उचललं, की त्यातलं अन्न कुणाचं?

माझं मूळ गाव जळगाव जिल्ह्यात आणि आजोळ धुळ्याचं. आजोळी नैवेद्याला 'निवद' म्हणतात. आजी निवद दाखवायची ते मी शेकडो वेळा पाहिलंय. जमिनीवर पाण्यानं चौकोन काढायचा, त्यावर ताट ठेवायचं, तुळशीचं पान ठेवायचं, ताटाभोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे. स्वयंपाक करताना भाजीचं मीठ चाखायचं नाही, ही अट सगळ्यात कडक. आम्ही पोरं भुकेनं कळवळत असायचो आणि एखादा पापडाचा तुकडा मोडायला हात गेला की तिचं ठरलेलं अहिराणी वाक्य यायचं, "ताट देवम्होरे ठेवं, ते देवनं व्हयनं." ताट देवापुढे ठेवलं, ते देवाचं झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर ओनरशिप ट्रान्सफर. एकदा ट्रान्सफर झाली की आपला राइट अ‍ॅक्सेस संपला. नंतर आपण फक्त वाढपी.

खान्देशात देव जे खातो ते त्या मातीत पिकलेलंच असतं, हे मला फार आवडतं. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे दाखवतात आणि मगच वांगं घरात शिरतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण खंडोबाचं मानांकन त्याला बऱ्याच आधीपासून आहे! पांझरेकाठच्या एकवीरा देवीला कुळाचार करायला येणाऱ्यांचा निवद म्हणजे पुरणपोळी. आखाजीला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी आधी पूर्वजांच्या नावानं आणि मग आपल्या पानात. हे खापर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मोठं भांडं चुलीवर पालथं घालतात, आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवलेली पोळी त्या तापलेल्या पाठीवर अलगद टाकतात. यालाच मांडेही म्हणतात.

मांडे म्हटलं की मुक्ताई आलीच. आणि मुक्ताई आमची. जळगाव जिल्ह्यात तापीच्या काठी मेहूण-कोथळी परिसरात इसवी सन १२९७ मध्ये ती विजेच्या लोळात लुप्त झाली अशी परंपरा आहे. पूर्वी एदलाबाद म्हणायचे त्या गावाचं नाव आता मुक्ताईनगर आहे, आणि तिथून तिची पालखी सुमारे महिनाभर चालत पंढरपूरला जाते.

मांड्यांची गोष्ट मात्र आळंदीची. तुम्ही ती ऐकलेली असते, पण बहुधा अर्धीच. चार भावंडांच्या घरी मांडे करायचं ठरलं. त्यासाठी खापर हवं. गावातल्या विसोबा चाटी नावाच्या माणसाचा या संन्याशाच्या पोरांवर इतका राग, की त्यानं कुंभारांना तंबी दिली, हिला खापर द्यायचं नाही. मुक्ताई रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगबळानं जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली, आणि मुक्ताईनं त्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार इथे संपतो आणि आपण हात जोडून मोकळे होतो. पण कथा पुढे जाते. हा सगळा प्रकार विसोबा बाहेरून चोरून बघत होता. त्याच्या आत काहीतरी तुटलं. तो धावत घरात शिरला आणि ज्ञानदेवांच्या ताटातलं उरलेलं, उष्टं, तोंडात घालू लागला. मुक्ताईनं त्याला झिडकारलं, 'खेचर' म्हणाली. त्यानं तो शब्दही प्रसादासारखा उचलला आणि आयुष्यभर नावात मिरवला. तेच विसोबा खेचर पुढे औंढ्या नागनाथाला नामदेवांचे गुरू झाले.

आता यात काय झालं ते बघा. ज्यानं अन्न शिजू नये म्हणून जंग जंग पछाडलं, तोच त्या अन्नाच्या उरलेल्या घासासाठी आला. आणि ज्यांना त्यानं वाळीत टाकलं होतं त्यांचं उष्टं खाऊन त्याची सगळी सोवळी-ओवळी एका घासात संपली. 'उष्टं' हा शब्द आपण नाक मुरडून वापरतो. पण प्रसाद म्हणजे तरी काय? देवाचं उष्टंच की! शब्द बदलला, वस्तू तीच. कुणाच्या तोंडचं उरलंय एवढाच फरक.

जगन्नाथपुरीला हे फार उघडपणे मानलं जातं. तिथल्या आनंदबाजारात महाप्रसाद घेताना जात विचारत नाहीत, एकाच्या हातचं दुसरा खातो आणि महाप्रसादाला विटाळ नाही अशी तिथली श्रद्धा आहे. देव जेवला की त्याच्यानंतर जेवणाऱ्यांत पहिला-दुसरा असा नंबर कसला?

आता धुळ्याला येतो, कारण या श्लोकांचं धुळ्याशी एक वेगळंच नातं आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचनं त्यांनी कैद्यांपुढे केली. ती ऐकता ऐकता लिहून घेतली साने गुरुजींनी, तेही त्याच तुरुंगात होते म्हणून. आज जी 'गीता प्रवचने' आपण वाचतो, ती ही. नववा अध्याय १७ एप्रिलला आला. त्या दिवशी विनोबांचा घसा दुखत होता, प्रवचनाची सुरुवातच तिथून आहे. एप्रिलमधलं धुळं, तुरुंग, बसलेला आवाज, आणि एक माणूस भराभर लिहून घेतोय. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये सहा वर्षं शिकवलेला मास्तर तो, नोट्स काढण्यात पटाईतच असणार.

त्या प्रवचनात विनोबा एका बाईची गोष्ट सांगतात. माझ्या शब्दांत सांगतो. ती बाई जे करी ते कृष्णार्पण म्हणून करी. जेवणं झाली की उष्ट्यावर शेणाचा गोळा फिरवायचा आणि तो फेकताना म्हणायचं, कृष्णार्पण. झालं असं, की तो गोळा थेट देवळात जाऊन मूर्तीच्या तोंडाला चिकटायचा. पुजारी घासून घासून दमला.

नैवेद्याच्या सगळ्या नियमांच्या दृष्टीनं याहून भयंकर काय असू शकेल? सोवळ्यातल्या पक्वान्नांच्या जागी माणसांच्या उष्ट्यावरून फिरलेलं शेण, तेही देवाच्या तोंडाला. आणि ते निघत नाही! मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. नंतर लक्षात आलं की २७ वा श्लोक विनोबांनी शब्दशः घेतलाय. 'जे करतोस ते' म्हणजे जे करतोस ते. त्यात गाळणी नाही. देवाला मोदक अर्पण करायचा आणि भांडी घासणं, फरशी पुसणं, उष्टी काढणं हे त्या हिशेबाच्या बाहेर ठेवायचं, असं गीता म्हणत नाही. उष्टी काढणाऱ्या बाईचा निवद तर थेट मुखाला पोचला. नीट वाढलेल्या ताटांचं काय झालं ते गोष्टीत सांगितलेलं नाही.

ही गोष्ट ज्यांनी कागदावर उतरवली त्या गुरुजींनी पंधरा वर्षांनी पंढरपुरात काय केलं, ते हा अध्याय वाचताना मला बाजूला ठेवताच येत नाही. विठ्ठलाला रोज महानैवेद्य होत होता. पण ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना त्या दारातून आत पाय ठेवायला बंदी होती. चोखोबांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेरच. १ मे १९४७ ला गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवस. मंदिर सगळ्यांना खुलं करायचा निर्णय झाला तेव्हाच त्यांनी अन्न घेतलं. देवापुढे रोज भरलेलं ताट जातंय, आणि देवाचा एक भक्त बाहेर स्वतःचं ताट दूर सारून बसलाय. मला प्रामाणिकपणे वाटतं, त्या दहा दिवसांत विठ्ठलाला पोचलेला निवद तो होता. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर हरकत नाही, पण नवव्या अध्यायाचा २९ वा श्लोक वाचा आणि मग ठरवा. पान-फूल-फळ-पाणी म्हटल्यावर अवघ्या तीन श्लोकांनी भगवंत सांगतात, मी सगळ्या प्राण्यांना सारखाच, मला कुणी नावडता नाही, कुणी लाडका नाही. ३२ व्यात तर समाजानं ज्यांना खालचं ठरवलं त्यांनाही परमगती आहे असं स्पष्ट म्हणतात. आपण २६ वा पाठ करतो, ताट उचलतो आणि पुस्तक मिटतो.

इथे एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. येत्या रविवारी आमच्याकडे कानबाई आहे. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. नारळाची कानबाई बसवायची, नथ-दागिन्यांनी सजवायची, रात्रभर गाणी-फुगड्या, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि तिचा निवद म्हणजे रोट. आमच्या घरी भाऊबंदांतल्या प्रत्येक माणसाच्या नावानं मूठ-मूठ गहू मोजून घेतात. सोबत पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. आणि नियम असा की रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

मग हे त्या वरच्या सगळ्याच्या विरुद्ध नाही का? निवद देवाचा, तर दार का बंद?

मी यावर बराच विचार केलाय, आणि माझं मत असं झालंय. आमच्या भाऊबंदकीत बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं न बोलणारे लोक आहेत. खान्देशातल्या कुठल्याही कुळात असतीलच. पण रोटासाठी एकाच्या घरी सगळ्यांना यावं लागतं. मुठी मोजताना ज्याच्याशी अबोला त्याच्या नावाचीही मूठ घ्यावी लागते, वगळता येत नाही. आणि रोट संपेपर्यंत त्याच पंगतीला बसावं लागतं. ज्याच्याबरोबर बसायला मन तयार नाही त्यालाच शेजारी बसवणारी ही पंगत आहे. दार बंद असतं ते आतल्यांनी पळून जाऊ नये म्हणून, असं मी गमतीनं म्हणतो. अर्थात या रोटात माहेरवाशिणीचा हक्क काय, हा प्रश्न माझी बहीण दरवर्षी विचारते आणि तो प्रश्न बरोबर आहे. त्यावर आमच्या घरी यंदा बोलणं व्हायचंय.

पण पंगतीचं दार दुसऱ्या प्रकारेही बंद करता येतं. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहतो तिथे गणपतीत एक दिवस महाप्रसाद असतो. क्यूआर कोड स्कॅन करून कूपन, फ्लॅटमागे ठराविक माणसं, मठ्ठा-जिलेबीसकट उत्तम बेत. आधी बाप्पाला नैवेद्य, मग आरती, मग रहिवाशांची जेवणं. सिक्युरिटीचे दादा, हाउसकीपिंगच्या ताई, ज्यांनी सकाळपासून मांडव झाडला, खुर्च्या लावल्या, ते रात्री दहानंतर, मागच्या गेटपाशी, जे उरेल ते डब्यात. कुणाचा हेतू वाईट नसतो. 'त्यांच्यासाठी आठवणीनं काढून ठेवतो' असं प्रेमानंच सांगतात. अन्न तेच, स्वयंपाकी तोच, बाप्पा तोच.

पण तो प्रसाद उरतो का? देवाच्या ताटातून थेट आलं तर ते देवाचं उष्टं, म्हणजे प्रसाद. आधी आम्ही तीनशे जण जेवलो आणि आमचं भागल्यावर उरलं ते दिलं, तर ते आमचं उष्टं. देवापुढे ताट ठेवताना सोडलेली मालकी आम्ही परतीच्या वाटेवर गुपचूप परत घेतली. आजीच्या भाषेत, देवाचं झालेलं पुन्हा आपलं करून घेतलं.

यंदाच्या मीटिंगचा अजेंडा ग्रुपवर आलाय. मी त्यात एक मुद्दा टाकलाय. पहिल्या पंगतीत स्टाफ बसेल आणि वाढायला आम्ही कमिटीवाले. तीन जणांनी थंब्स-अप दिलाय. एकानं विचारलंय की मग गेटवर कोण थांबणार. प्रश्न योग्य आहे. अर्ध्या तासाच्या शिफ्ट लावून रहिवाशांनीच थांबायचं, माझं नाव पहिलं लिहा, असं मी कळवलंय. बाकीचे अजून टायपिंग करतायत.

तुमच्यापैकी बरेच जण पीजीत किंवा शेअरिंग फ्लॅटमध्ये राहता, स्वतः स्वयंपाक करत नाही, मेसचा डबा येतो. डब्याचा नैवेद्य चालतो का, असं मला खूपदा विचारलं जातं. श्लोकात शिजवलेल्या अन्नाचं नावसुद्धा नाही, त्यामुळे कुणी शिजवलं यावर अडून बसू नका. अट एकच शब्दाची आहे, 'प्रयतात्मा', म्हणजे मन आवरून, स्वच्छ करून दिलेलं. डबा उघडा, ताटात काढून घ्या, फोन पालथा ठेवा, पाणी फिरवा, एक मिनिट डोळे मिटा. तुळस नसेल तर नसेल. आणि खोलीत दुसरं कुणी असेल, मग तो रूममेट असो की पार्सल घेऊन दारात उभा असलेला घामाघूम मुलगा, पहिला घास आपल्या तोंडात जायच्या आधी त्याला विचारा. डिलिव्हरीवाला बहुतेक वेळा 'नको दादा, पुढची ऑर्डर आहे' म्हणतो. परवा एकानं मात्र उभ्या उभ्या अर्धी पोळी आणि गूळ खाल्ला, पाणी प्यायला आणि विचारलं, "आज काय आहे तुमच्याकडे?" काही नाही, रोजचंच आहे, म्हटलं.

उद्या श्लोक २८. रविवारी कानबाईमुळे चिंतन येणार नाही, सोमवारी विसर्जन आटोपलं की रात्री टाकतो.

राम कृष्ण हरी.